मूळ धरेपर्यंत

२ नोव्हेंबर

आले एकदाची. एक पेटी, एक पिशवी आणि ही डायरी. डायरी दादाने निघताना हातात ठेवली. दुकानात उरलेली, वर्ष संपायला दोन महिने राहिलेली. दादाची दानत तेवढीच. दहा महिने कोरे सोडून मी आजपासून लिहिते आहे. तसंही त्या दहा महिन्यांत लिहिण्यासारखं काय घडलं होतं?

इथे मला स्वतःची खोली आहे. खिडकी मागच्या अंगणाकडे उघडते, भिंतीत कपाट आहे आणि दाराला आतून कडी आहे. कडी मी तीनचारदा लावून पाहिली, नुसतीच, गंमत म्हणून. पलंग घडीचा नाही! दादाकडे मी बोळात घडीच्या खाटेवर झोपायचे आणि वहिनीचे डोळे उघडायच्या आत खाट भिंतीला लागलेली असावी लागायची. हा पलंग जाडजूड लाकडाचा आहे, हलवायचा म्हटला तर चार माणसं लागतील.

मालकीणबाई म्हणजे जन्मभर इस्पितळात काढलेल्या नर्सबाई. एकट्याच असतात. वय झालंय, पण पाठ अजून ताठ. नजर अधू झाल्यामुळे त्यांना त्यांच्या ऑर्किडची निगा राखायला दुसऱ्याचे डोळे आणि हात हवेत. किती दिवस राहायचं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, तुला राहायचं तितकं राहा, इथून तुला कुणी जा म्हणणार नाही. मी बरं म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडले.

५ नोव्हेंबर

ऑर्किड म्हटल्यावर मला वाटलं होतं कुंड्या असतील. कुंडी एकही नाही. मागच्या खोलीची अख्खी भिंत व्यापणारी काचेची पेटी आहे, माणूस वाकून आत जाईल एवढी. आत दिवे, एक छोटा पंखा आणि धुकं सोडणारं यंत्र. मातीचा कण नाही. सालीच्या तुकड्यांवर, फांद्यांवर आणि मागच्या एका जाड ओंडक्यावर ही झाडं नुसती चिकटून असतात. काहींचं पान तांदळाच्या दाण्याएवढं, फूल बघायला भिंग लागतं. मुळं उघडी, हवेत लोंबणारी. कोरडी असली की चंदेरी पांढरी दिसतात, फवारा मारला की बघता बघता हिरवी होतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लहान मुलीसारखी टाळी वाजवली.

नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्षारांनी मुळं जळतात. पाणी गाळून, कॅन भरून ठेवायचं. फवारणी सकाळीच करायची म्हणजे संध्याकाळपर्यंत पानं कोरडी होतात. ओली राहिली तर कुजतात. पेटीसमोर एक मोठी खुर्ची आहे, हातांना आणि पाठीला तीच खरबरीत साल लावलेली. तिथे बसून लक्ष ठेवायचं. बसून करायचं काम! वहिनीला कळलं तर तिला दोन दिवस जेवण जायचं नाही.

९ नोव्हेंबर

आज झाड बसवायला शिकले. सालीवर ओल्या शेवाळाचा पातळ थर, त्यावर मुळं पसरून ठेवायची आणि सुती दोऱ्याने बांधायचं. फार आवळायचं नाही, सैलही सोडायचं नाही. नर्सबाई न बघता बांधतात, बँडेज बांधावं तसं. त्या म्हणाल्या, दोरा धरून ठेवण्यासाठी नसतोच. झाड हललं की मूळ दुखावतं, म्हणून ते हलू नये एवढ्यासाठी दोरा. धरायचं ते झाडच धरतं. सारखं इकडून तिकडे हलवलेलं झाड कधी जीव धरत नाही.

हे मला सांगायची गरज नव्हती. आईकडून थोरल्या बहिणीकडे, तिची बाळंतपणं आटोपल्यावर मामाकडे, मामीचं आजारपण निस्तरल्यावर दादाकडे. ज्याच्या घरी काम निघालं त्याला मी आठवायचे.

झाडाने मूळ धरलं की नाही ते कसं कळतं, तेही दाखवलं. साल हातात घ्यायची आणि हलकेच हलवायची. झाड डुगडुगलं तर अजून थांबायचं. सालीबरोबर एकजीव हललं तर कात्री आणून दोरा कापायचा. त्यांनी एक कापून दाखवला. झाड जागचं तसूभर हललं नाही. मला का कोण जाणे, फार बरं वाटलं.

१५ नोव्हेंबर

पाण्याचा कॅन उचलताना डावं मनगट मुरगळलं. दादाकडे असते तर आधी कॅनची चौकशी झाली असती. नर्सबाईंनी मला खुर्चीत बसवलं, मनगटाभोवती गार शेवाळ लावलं आणि वरून सुती दोऱ्याने पट्टी बांधली. मी हसले. म्हटलं, मलाही सालीवर बसवता की काय. त्या हसल्या नाहीत. हात हलवू नकोस म्हणाल्या.

पण माझा हात स्वस्थ बसतो कुठे? म्हणून दुपारपुरता त्यांनी तो खुर्चीच्या हाताला बांधून ठेवला. एका हिसक्यात तुटेल असा दोरा, म्हणून तर मी हरकत घेतली नाही. दुखणं तासाभरात पळालं. तशीच बसून राहिले, धुकं बघत. कुणी मला बसलेली बघून काम सांगितलं नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं असेल.

२२ नोव्हेंबर

दादाचा फोन! तीन आठवड्यांनी बहीण आठवली. कशी आहेस वगैरे काही नाही. वहिनी जिन्यावरून घसरली, पाय प्लास्टरमध्ये आहे, घर तुंबलंय, तू उद्याच नीघ. मी म्हटलं, मला जमायचं नाही. जन्मात माझ्या तोंडून हे वाक्य त्याने ऐकलं नव्हतं. मीही ऐकलं नव्हतं. अजून जिभेवर त्याची गोडी आहे.

नर्सबाईंना सांगितलं. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला आणि मनगटाचं शेवाळ बदलून दिलं.

२७ नोव्हेंबर

पेटीत आत शिरून मागचा जाड ओंडका साफ करत होते. शेवाळात काहीतरी टोचलं. बघते तर चष्म्याची काडी. ओढली, निघेना. लाकडाने ती गिळून टाकल्यासारखी वाटते, भिंगाची नुसती कड बाहेर दिसते. नर्सबाई म्हणाल्या, आधी जी कामाला होती तिचा तो, साफसफाई करताना पडला असेल. तिला कुणी नव्हतं बिचारीला, असंही म्हणाल्या. मी विचारलं, ती गेली कुठे? त्यांनी फवाऱ्याची बाटली हातात दिली आणि आज आतलं धुकं कमी वाटतंय म्हणाल्या.

ओंडका हाताला गरम लागला. पंख्याच्या मोटरची ऊब असेल. पण मोटर तर दुसऱ्या टोकाला आहे.

३० नोव्हेंबर

आज पट्टी मी स्वतः सोडली. शेवाळ मनगटाला चिकटलं होतं, सोलून काढावं लागलं. खालची कातडी चंदेरी पांढरी. तिच्यावर दोऱ्यासारखे उंचवटे, त्यांची टोकं हिरवी, तकतकीत. आधी वाटलं बुरशी. नळाखाली हात धरला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत हिरवा झाला. या वेळी टाळी वाजवली नाही.

नर्सबाई भिंग घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता. म्हणाल्या, जीव धरतोय. मी डॉक्टरकडे जाते म्हटलं. त्या म्हणाल्या, जन्मभर मी दुसरं काय केलं? जायचं तर जा, मी अडवणार नाही, पण झाडांना रोज माणूस लागतं, मला मग दुसरी बघावी लागेल.

दुसरी. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर, माझी कडी लावून.

मी खुर्चीत बसले आणि हात पुढे केला. उद्या बघू.

२ डिसेंबर

पट्टी आता दंडापर्यंत. पायांनाही बांधलंय, घोट्यांशी. मी होच म्हटलं, पाय ठणकत होते. आता ठणकत नाहीत.

भूक लागत नाही. मीठ घातलेलं काहीच घशाखाली उतरत नाही. गाळलेलं पाणी गोड लागतं.

संध्याकाळी खरोखर घाबरले. मान उरला नाही तरी चालेल म्हणून दादाला फोन केला. वहिनीने उचलला. उतरली का घमेंड, म्हणाली. उतरली म्हटलं, दादाला सांग मला न्यायला ये. रविवारी पाठवते म्हणाली, आणि वर सांगितलं की खाट बोळातच आहे, तुझी वाट बघतेय.

४ डिसेंबर

दुपारी खुर्चीतून उठायला गेले. हिसका दिला, दोरा तुटला. लगेच तुटला. हात उठला नाही.

परत ओढला. नख उपटावं तशी कळ, थेट खांद्यापर्यंत. सालीत आणि माझ्यात फट कुठे आहे तेच दिसेना. नर्सबाई आल्या, ओरडल्या नाहीत. हलवू नये गं, एवढंच म्हणाल्या, आणि नवीन दोरा बांधला. फोन घेऊन गेल्या, चार्ज करून आणते म्हणून. आणलेला नाही.

उजवा हात मोकळा आहे. डायरी मांडीवर आहे. रविवार येईल. दादा येईल. तो खुर्चीसकट उचलून नेईल, त्याच्या घरची भांडी पडलीत ना.

६ डिसेंबर

सकाळी मला फवारलं. सकाळीच, म्हणजे संध्याकाळपर्यंत कोरडी होईन. अंगावर पाणी पडलं की बरं वाटतं. बरं वाटतं हेच भयंकर आहे.

पाठ सालीपासून सुटत नाही. काचेचं दार उघडून ठेवलंय, धुकं बाहेर येतं, माझ्या मांडीवर. ही पानं ओली होतात—

मागचा ओंडका. इथून नीट दिसतो. त्याला खांदे आहेत. एवढे दिवस मी तो पुसत होते.

७ डिसेंबर, रविवार

दादा आला होता.

गाडी ओळखली मी. मग बेल, मग त्याचा आवाज, पुढच्या खोलीत. नर्सबाई म्हणाल्या, ती परवाच निघून गेली, न सांगता. दादा म्हणाला, तिचं असंच आहे, कधी कुणाचा विचार नाही, घरात कपड्यांचा ढीग पडलाय आणि ही हिंडतेय. मी ऐकलं सगळं. मग त्याने हाक मारली. आहेस का गं, म्हणाला.

माझ्या तोंडात आवाज होता. खरंच होता. मी ओ दिली नाही. कपड्यांच्या ढिगाचं ऐकून जळफळत होते. वाटलं, एकदा आणखी मार हाक. फक्त एकदा. ढिगासाठी नको, माझ्यासाठी मार. दुसऱ्यांदा मारलीस की ओ देते.

फाटक वाजलं.

मग ओरडले. घसा फाटेपर्यंत ओरडले. गाडी सुरू झाल्यावर.

नर्सबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, बघ, कुणी नाही गं तुला.

९ डिसेंबर

घशात शेवाळ. ओरडता येत नाही— लिहिता येतं. दादा परत येईल. चावी राहिली म्हणून, छत्री राहिली म्हणून. येईल.

१० किंवा ११

खुर्ची हलवली त्यांनी. दोन्ही हातांनी धरून. हलकेच.

मी डुगडुगले नाही—

त्या कात्री आणायला गेल्यात. नका, दोरे असू देत, दोरे आहेत तोवर—

घोट्याचे कापले. दंडाचा. मी पडत नाही. कशानेच पडत नाही. कानाशी वाकून म्हणाल्या, आता तुला कुणी जा म्हणणार नाही.

उजव्या हाताखाली काही गार सरकवतायत. ओलं. बोटं अजून माझी आहेत, पेन धरून आहेत, पेनाला आता— बाहेर गाडी थांबली. आमचीच. हाक. दुसऱ्यांदा हाक मारतोय तो, दुसऱ्यांदा—

ओ, दादा, ओ, मी इथे आ