क्लच नसलेली पिकअप

६ डिसेंबर

अंगदची पिकअप आली. जुनी आहे, ऑटोमॅटिक – क्लचच नाही, गिअर गाडी आपली आपण बदलते. पालममध्ये अशी दुसरी मी पाहिली नाही. तक्रार अशी : दुसऱ्यातून तिसऱ्यात जाते, लगेच परत दुसऱ्यात, आणि झटका मारते. मागची मेंढरं एकमेकांवर पडतात.

"मिस्त्री, गाडी नाचायलीय," अंगद म्हणाला.

"नाचंल न्हाईतर काय. मालकच तसा हाय," त्याची बायको शिवकन्या.

अंगदचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून ही गाडी लांबून हुडकून आणली. राणीसावरगावची मेंढरं सोनपेठच्या बाजाराला तोच नेतो, स्वतःची आणि दुसऱ्यांचीही. ही गाडी गेली तर त्याला दुसऱ्याच्या गाडीत बाजूला बसून जावं लागेल. तो बसणार नाही. ओळखतो मी त्याला.

गिअरबॉक्सचं तेल बघितलंस का, विचारलं. म्हणे भरलेलं हाय. ट्रॅक्टरसारखं इंजिन बंद ठेवून मोजलेलं! हे तेल इंजिन चालू ठेवून, गरम झाल्यावर मोजायचं. बंद असताना जास्तच दिसतं. मोजलं – कमी. भरलं. दिली गाडी. बिघाड गेला म्हणून सांगितलं.

९ डिसेंबर

पुन्हा तेच. कुणीतरी त्याला म्हणालं, नांदेडला न्या, पालममध्ये हे कुणाला येतंय. हे मला ऐकवायचं काय काम होतं?

गाडीखाली शिरलो. वेग मोजणाऱ्या सेन्सरची पिन हिरवी पडलेली. मेंढरांचं मूत फळीच्या फटीतून गळून नेमकं तिथं. घासून साफ केली, ग्रीस लावलं, वरून ट्यूबचा तुकडा बांधला. ही गोष्ट कोणत्या पुस्तकात सापडणार? मेंढरांच्या गाड्या खालून बघितलेल्यालाच कळते. आता नाचली तर माझं नाव बदला, म्हणालो.

१० डिसेंबर

फोन नाही. म्हणजे बरोबर.

१३ डिसेंबर

फोन आला. "मिस्त्री, नाव काय ठेवायचं तुमचं?"

१४ डिसेंबर

मेंढरं भरूनच आण म्हणालो. रिकाम्या गाडीवर तपासणी नको.

गंगाखेड रस्त्यानं आधी मी चालवली. डावा पाय सवयीनं क्लच हुडकतो आणि ब्रेकवर पडतो, म्हणून तो मुडपून बसलो. गाडी सरळ चालली. एक झटका नाही.

"मिस्त्रीला भेती बघा," शिवकन्या म्हणाली.

मग अंगदला बसवलं. मी शेजारी, शिवकन्या दाराकडं. थोडं पुढं गेलो तर नाच सुरू. कान गिअरबॉक्सकडं लावून बसलो. मग लक्षात आलं – आधी इंजिनचा आवाज चढतो-उतरतो, गिअर त्याच्या मागून बदलतोय. गिअरबॉक्स नुसता हुकूम पाळत होता. हुकूम येतो एक्सलेटरकडून. म्हणून खाली पाहिलं.

अंगदचा उजवा पाय पेडलवर कधी दाबून, कधी नुसता टेकलेला. घसरत होता, पुन्हा पडत होता. चप्पल निघून बाजूला पडलेली.

"चप्पल निघाली की तुझी."

"हाय की पायात," तो म्हणाला. समोर बघतच.

शिवकन्येनं वाकून पाहिलं. 

गाडी बाजूला घ्यायला लावली. त्याला डोळे मिटायला सांगून तळव्यावर पान्याचं टोक दाबलं.

"दाबा की," म्हणाला. दाबलेलंच होतं.

मी सरळ सांगितलं. गाडी चांगली आहे. पाय बधिर झालाय, डॉक्टरकडं जा, शुगर तपास. माझ्या चुलत्याचं असंच झालं होतं. तोवर गाडी चालवू नको.

"तुमाला गाडी येईना, म्हून माझ्या पायावर ढकलायलाव?"

शिवकन्या म्हणाली, "अवो, मिस्त्री काय वैरी हायत का?" त्यानं तिला गप बसवलं. किल्ली मागितली. मी दिली. गाडी नाचतच गेली.

१५ डिसेंबर

किल्ली द्यायला नको होती. बॅटरीची वायर काढून ठेवता आली असती. एका मिनिटाचं काम.

१८ डिसेंबर

आज सोनपेठचा बाजार. कामात मन लागेना. स्टँडवर जाऊन तिकडून आलेल्या ड्रायव्हरला विचारलं, वाटेत कुठं काही झालंय का. नाही म्हणाला. "कशाचं, मिस्त्री?" सांगितलं नाही.

शिवकन्येला फोन लावला. उचलला नाही.

अंगदचाही राग येत नाही. तेल म्हणालो, ठामपणे म्हणालो. पिन म्हणालो, त्याहून ठामपणे. तेल कमी होतं, पिन सडली होती – दोन्ही खरं. पण नाच कशानंच गेला नाही. मग तिसऱ्या वेळी पाय म्हणालो, आणि आवाज तोच, पहिल्या दोन वेळचा. त्यानं का ऐकावं?

१९ डिसेंबर

काही कळलं नाही.

२२ डिसेंबर

अंगद आला. एसटीनं.

"शुगर निघाली," म्हणाला.  मग म्हणाला, "गाडी घरी हाय. शिवकन्येला शिकवा."