धोबी आल्याची तारीख

बाबा, तुम्ही परसातल्या खाटेवर बसून चहा बशीत ओतत होता आणि मी शेजारी शेंगा फोडत होते. टाक्याच्या कठड्यावर एक करडं-पांढरं पाखरू उतरलं आणि शेपटी आपटत चालू लागलं. बशी तशीच धरून तुम्ही म्हणालात, "धोबी आला वं. पाऊस गेला." मग वही आणवलीत, माझ्याकडून तारीख लिहून घेतलीत. जिनिंगमध्ये तुम्ही कापसाचे ग्रेडर. काळ्या कापडावर धागा ओढून त्याची लांबी नुसत्या बोटांनी सांगायचात. पाखरांकडेही तसेच बघायचात, घाई न करता. मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुट्टीत यायचे ती पाखरांची इंग्रजी नावं पाठ करून. कुंपणापलीकडच्या शेतातली मावशी हसायची, "कॉन्व्हेंटवाली बाई, पाखरं मोजाचा पगार भेटते काय वं?" पण कापसाच्या पहिल्या वेचणीचं सीतादही ती तुमच्या वहीला विचारूनच करायची. शेतात ढेकळं मांडून त्यांना दहीभात वाहिला की वेचणी सुरू. वेचलेला कापूस अंगणात उघडा पडायचा, म्हणून पाऊस गेलेला हवा.

शेवटच्या वर्षी तुम्हाला उठवत नव्हतं. रोज सकाळी विचारायचात, "आला काय वं?" मी नाही म्हटलं की भिंतीकडे तोंड फिरवायचात. एका सकाळी मला ते बघवेना. "आला, बाबा," म्हटलं आणि वहीत तारीखही लिहिली. एका पाखराचं काय एवढं, असं वाटलं. तुम्ही कितीतरी दिवसांनी हसलात. मावशीला खिडकीशी बोलावून सांगितलंत, "करून घे सीतादही." तिनं केलं. चौथ्या दिवशी पाऊस आला आणि तिच्या अंगणातला सगळा कापूस भिजून पिवळा पडला. मावशी खिडकीशी उभी आहे, पदरातून पाणी गळतं आहे, आणि ती तुमचीच समजूत काढते आहे, "पाखराले का कॅलेंडर वाचता येते, भाऊ? जाऊ द्या." तुम्ही एवढंच म्हणालात, "माही वही खोटी निंगाली." नंतर ती पुन्हा कधी मागितली नाहीत. दिवाळीआधी गेलात. मी उशाशी बसून होते, खरं सांगायला पुष्कळ दिवस होते.

आता शाळेतून निवृत्त होऊन मी या घरात एकटीच असते. पराटीवर, कापसाच्या झाडांवर, इतकी फवारणी होते की भादव्यातल्या सकाळी एका पाखराचा आवाज ऐकू येत नाही. फवारणारे तोंडाला फडकी बांधून जातात. यंदा त्यातले काही दवाखान्यात पोचले. मागच्या आठवड्यात फाटकाशी एक रोही येऊन उभा राहिला, नीलगायीचा गोऱ्हा, वासराएवढा, ओल्या डोळ्यांचा. मी दात घासत होते. "बाबा, बघा," मोठ्यानं म्हणून गेले. आवाजानं तो निघून गेला.

आज सकाळी धोबी आला. खरंच आला, त्याच कठड्यावर. थोड्या वेळानं मावशी काठी टेकत कुंपणाशी आली. "आला काय वं तुह्या बाबाचा धोबी? सून सीतादहीचं विचारून राह्यली." इतक्या वर्षांनी, कापूस भिजूनही, ती अजून विचारते. आणि मी म्हटलं, "नाही, मावशी." पुन्हा माझ्या शब्दावर तिनं कापूस उघडा टाकावा, एवढी हिंमत झाली नाही.

माझ्यामागे कुणाला काय द्यायचं ते मी ठरवलं आहे, बाबा. तुमची दुर्बीण धाकट्या भावाच्या मुलीला. ती एका जागी बसू शकते. तुमचा पितळी डबा आणि खाट मावशीच्या सुनेला. काळं कापड माझ्याबरोबर जाऊ दे. वही मावशीला. त्या वर्षीची तारीख खोडलेली नाही, समोर "दिसला नव्हता, मी खोटं लिहिलं" एवढं लिहिलं आहे. वाचून दाखवायला सून आहे. पण मावशी माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी, म्हणजे तिची वस्तू माझ्यामागे देऊन चालणार नाही, आजच द्यायला हवी. धोबी आल्याची आजची तारीख टाकून वही खिडकीत ठेवली आहे. मावशी मघापासून दोनदा हाक मारून गेली. मी अजून दार उघडलेलं नाही.