ओरोता चेडत्तीला पाजलेलं पाणी

जानेवारी ६, मंगळवार

आले एकदाची! घाट चढताना बसमध्ये दोनदा ओकले, शेजारच्या बाईच्या पिशवीवरही थोडं सांडलं, पण त्या बिचारीने उलट मलाच लिंबू दिलं. खाली आमच्या कुट्टनाडात दारातून होडी सुटते. इथे दारातून धुकं आत येतं आणि खाटेवर बसतं, पाहुण्यासारखं.

माझ्या नातीला, रिन्सीला मिळालेल्या क्वार्टरला दोन खोल्या आणि चिमुकलं स्वयंपाकघर. खिडकीतून मिशन हॉस्पिटलचा मागचा व्हरांडा दिसतो. पोरगी निळा युनिफॉर्म घालून दारात उभी होती, छातीवर नावाची पट्टी. मी त्या पट्टीवरून बोट फिरवलं तर म्हणते कशी, अम्मची, पुसून जाईल हं! किती हसलो दोघी.

ही वही तिनेच दिली. म्हणाली, मी ड्युटीवर गेले की तू भिंतींशी बोलत बसशील, त्यापेक्षा ह्यात लिही. मी चौथीपर्यंत शिकलेली. चौथीही अर्धीच, कारण पुरात शाळेचं छप्पर वाहून गेलं, आणि ते परत बसेपर्यंत माझं लग्न ठरलं. असो.

रिन्सी मात्र फिजिक्सची पदवीधर. कोचीत एका मोबाइल कंपनीत बसून दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायची. मग आमचे हे अंथरुणाला खिळले. ही रजा घेऊन आली. आजोबांना कुशीवर वळवलं, पुसलं, भरवलं, आणि त्यांना माती दिल्यावर आठवड्याने म्हणाली, मी नर्सिंग शिकणार. कोवळ्या पोरींच्या वर्गात जाऊन बसली, त्या हिला आंटी म्हणायच्या. माझा थोरला बेबीच्चन तिला म्हणाला, एवढं फिजिक्स शिकून आता लोकांचं हगमूत काढणार का? ही म्हणाली, हो काका, तुमचंही काढीन, लाजू नका. मला इतका आनंद झाला की मी पदरात तोंड घालून हसले.

जानेवारी ९, शुक्रवार

आज वॉर्ड पाहिला. म्हाताऱ्यांचा वॉर्ड. मी तिथे तरुणच म्हणायची!

मेट्रन सिस्टर लिओबा उंच, कडक, पण मला म्हणाली, दुपारी बाकावर बसून जपमाळ करा खुशाल, पेशंटांना बरं वाटतं. शिजो म्हणून एक मुलगा नर्स आहे, दाढीवाला. तो रिन्सीला चिडवतो की अम्मची, तुमची नात इंजेक्शन द्यायच्या आधी पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तपासते. रिन्सी म्हणाली, आणि हा द्यायच्या आधी आरसा तपासतो.

बाकाजवळच्याच खाटेवर ओरोता चेडत्ती; वयस्कर बाईला आमच्यात चेडत्ती म्हणतात. माझ्याच वयाची असेल. अर्धं अंग गेलंय, वाचाही गेली, नाकातून नळी. मुलगा कुवेतला. दुसरं कुणी नाही. नळीतून पेज देतात, तोंडातून काहीच नाही. तिची गिळायची ताकद गेली आहे, पाणी पाजलं तर ते पोटाऐवजी छातीत उतरेल, असं रिन्सीने मला बजावून सांगितलं. एकदा सांगितलं, आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसले तेव्हा परत सांगितलं. ओठ म्हणजे उन्हाळ्यातलं शेत, भेगाच भेगा.

जानेवारी १३, मंगळवार

सगळ्यांसाठी मीन करी, माशाचं कालवण, करून नेली, कोकम घालून, आमच्या पद्धतीची. शिजोने बोटं चाटली. मेट्रन म्हणाली, तुमच्या नातीचा हात हलका आहे, पुढल्या महिन्यात तिला कायम करायचं मनात आहे. मी लगेच बेबीच्चनला फोन करून सांगितलं. दोनदा सांगितलं. ऐकू आलं नाही म्हणाला, म्हणून तिसऱ्यांदाही.

रिन्सी म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा सकाळी उठून कामावर जावंसं वाटतं, अम्मची. तिच्यासाठी मी लाल पाणी उकळून फ्लास्कमध्ये भरून देते, पतिमुगमच्या लाकडाचं. साधं पाणी पिऊन कुणाचं भलं झालंय?

जानेवारी १७, शनिवार

ओरोता चेडत्ती आज दुपारी गेली. मी बाकावर जपमाळ करत होते. रिन्सी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला एका म्हाताऱ्याची जखम धूत होती. सगळं एकदम झालं.

आज जास्त लिहीत नाही. हात दुखतो.

जानेवारी १८, रविवार

काल लिहिलं ते खोटं आहे. वहीशी खोटं बोलून मला काय मिळालं?

तिच्या घशात घरघर सुरू झाली होती. आमच्यात माणूस जायला निघालं की कुणीतरी उशाशी बसतं, कानात ईशो मरियम यौसेप्पे ही पवित्र नावं म्हणतं आणि तोंडात पाण्याचे थेंब सोडतं. आमच्या ह्यांच्या वेळी तर नावं म्हणायला घरात भांडणं लागली होती. हिला कुणी नाही. म्हटलं, बाई अशी मुकी आणि तहानलेली जाणार का देवाकडे?

रिन्सीची पाठ दिसत होती. हाक मारता आली असती. पण हाक मारली तर ती नको म्हणेल, हे मला ठाऊक होतं. म्हणून मारली नाही.

तिच्याच फ्लास्कमधलं लाल पाणी चमच्यात घेतलं. चेडत्तीच्या कानात नावं म्हटली. पहिला चमचा दिला आणि तिने डोळे उघडले. ओठांनी चमचा धरला, पिल्लू आईची चोच धरतं तसा. ती मरत नव्हती. मला त्याच क्षणी कळलं की ही मरत नाहीये, नुसती तहानलेली आहे. तिथे थांबायला हवं होतं. पण मला आनंद झाला. वाटलं, मीही नर्सच आहे की! अजून एक दिला. अजून एक. मग तिच्या नाकातून लाल पाणी आलं आणि चेहरा जांभळा पडला.

मी चमचा कमरेला खोचला. बाकावर येऊन बसले. जपमाळ हातात घेतली. मग हाक मारली, रिन्सी.

ती धावली, शिजोने घशातलं पाणी खेचून काढायचं मशीन आणलं, दोघांनी किती झटापट केली. नंतर रिन्सीने मला विचारलं, अम्मची, हिला कुणी काही पाजलं का? मी म्हटलं, नाही गं मोळे, मी तर डोळे मिटून होते.

तिला मोळे म्हणाले, बाळ म्हणावं तसं. लाडाने. तोंडावर खोटं बोलताना.

जानेवारी २०, मंगळवार

कुवेतहून मुलाचा फोन आला. आई बरी होती, मारलीत तुम्ही, असं ओरडत होता. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी उतरून गेली. दुपारची पेज रिन्सीने दिली होती. त्यांच्या मते तिने खाटेची उशाकडची बाजू उचलली नसणार, नाहीतर पेज घाईत सोडली असणार. मेट्रनने तिला वॉर्डातून काढून कपाटं पुसायला बसवलं आहे. पुढच्या मंगळवारी चौकशी. दोष ठरला तर नुसती इथली नोकरी नाही, नर्सांच्या यादीतलं नावही जाईल म्हणे.

बेबीच्चनचा फोन आला. म्हणाला, मी सांगत होतो ना, ज्याचं काम त्याने करावं, फिजिक्सवालीने माणसं मारायला कुणी सांगितलं? मी म्हणायला तोंड उघडलं की अरे, तिची चूक नाही. ते म्हटलं की पुढचं सांगावं लागलं असतं. म्हणून गिळलं.

तेव्हा तोंड पाण्याने भरलं. कुठून आलं कुणास ठाऊक. गाल फुगले. मोरीत जाऊन थुंकले. लाल होतं.

मी सकाळपासून लाल पाणी प्यायले नव्हते.

जानेवारी २२, गुरुवार

दुपारी स्वयंपाकघरात गेले तर ती स्टुलावर बसली होती. नाकात नळी. तोंड उघडं. खिडकीतून ऊन येत होतं आणि ते तिच्या अंगावर नीट पडत होतं, तुमच्या आमच्या अंगावर पडतं तसं. म्हणून जास्त भीती वाटली.

घुटका घेतल्याचा आवाज. थोड्या वेळाने परत घुटका.

मला वाटलं, अजून तहान आहे. वाटीत पेजेचं पाणी घेतलं, तिच्या तोंडाशी नेलं. तिने मान फिरवली. वाटी रिकामी झाली. फरशी कोरडी. आणि माझं तोंड भरलं, गळ्यापर्यंत, नाकातून बाहेर आलं.

तिला पाणी नको होतं. मग काय हवंय?

जानेवारी २४, शनिवार

चर्चमध्ये गेले. पापकबुलीच्या जाळीपाशी गुडघे टेकले. म्हटलं, सांगून टाकायचं.

सुनेबद्दल वाईट बोलले ते सांगितलं. शेजारणीच्या म्हशीला नजर लावली ते सांगितलं. फादर म्हणाले, अजून काही? मी म्हटलं, नाही –

पाणी. जाळीवर उडालं. फादरनी विचारलं, बरं वाटत नाही का आजीबाई. मी पदर तोंडाला लावून पळाले. ती दारातल्या बाकावर बसली होती. लोक तिच्या शेजारून जात होते.

मला कळलं तिला काय हवंय. मी खरं गिळते तेव्हा पाणी येतं; ते खरं तिला बाहेर हवंय.

आता खरं सांगायला गेले तरी येतं. इतके दिवस गिळलेलं सगळं साठलंय –

जानेवारी २५, रविवार

रिन्सीला ठाऊक आहे.

पहिल्या दिवसापासून. उशीच्या अभ्र्यावर लाल डाग होता. तिने तो त्याच दुपारी स्वतः धुतला. मला आज अप्पम वाढता वाढता सांगितलं, आवाज चढवलाही नाही. म्हणाली, तू मुद्दाम केलं नाहीस. ह्या वयात तुला पोलिसांपुढे उभी करू का? मी शिकलेली आहे अम्मची, दुसरं काम मिळेल, परत फोन उचलीन.

आणि हसली. फोन उचलीन म्हणताना हसली.

मी नको म्हणायला हवं होतं. मी अप्पम खाल्लं. दुसरंही घेतलं. देवा, मी दुसरंही घेतलं.

जानेवारी २६, सोमवार

रिन्सी खोकतेय.

सकाळपासून. म्हणते, कपाटांतली धूळ. रुमाल तोंडाला लावते. मी तो बघितला –

लाल.

तिला दिसत नाही स्टुलावरची. मला दिसते. आज ती माझ्याकडे बघत नव्हती. रिन्सीकडे बघत होती. माझ्यासाठी पोरगी गप्प बसली म्हणून –

रिन्सीचा हात धरला. सांगायला गेले. नुसतं पाणी, ताटलीभर. पोरीने माझं तोंड पुसलं. पाठ चोळली. कुशीवर वळवलं. किती हलका हात.

तिच्या हाताखाली मेले तर बरं, असं मनात आलं. म्हणजे सांगावं लागणार नाही. किती नीच मी –

जानेवारी २७, मंगळवार

मेट्रनच्या खोलीबाहेर बाकावर, वही मांडीवर. रिन्सी आत. डॉक्टर आत. तोंड भरलेलं. ओठ दाबून धरलेत. नाकाने श्वास –

शेजारी ती. पातळाला पातळ लागतंय. गार.

आतून ऐकू येतंय. मेट्रन विचारते, खाटेची उशाची बाजू उचलली होतीस का. रिन्सी म्हणते, नाही सिस्टर, विसरले. खोटं. धडधडीत खोटं. ती कधी विसरत नाही –

खोकली.

परत. थांबत नाहीये. खुर्ची पडली. शिजो मशीन मशीन ओरडतोय –

माझी पोर बुडतेय. कोरड्या खोलीत.

नर्स आहे ती. चांगली नर्स आहे. पाणी मी पाजलं, मी, एलीश्वाने – लिहिताना येत नाही पाणी, पण लिहून भागणार नाही, ती मान हलवतेय, नाही म्हणतेय, तोंडाने हवंय तिला, सगळ्यांसमोर –

उठते. वही हातातच. दार उघडलं. पोरीचे ओठ निळे. सगळे माझ्याकडे बघतायत. बुडाले तर बुडाले, आता तोंड उघड –