सासूबाईंच्या नऊ उपायांचा नम्र अहवाल

तीर्थरूप आईंना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द एरवी आपण सवयीने लिहून टाकतो, पण या खेपेला तो अक्षरशः खरा आहे. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर पालथा पडलो आहे आणि त्याच अवस्थेत लिहितो आहे. कारण पुढे येईल.) तुमचे गुडघे कसे आहेत? जिना चढताना अजून कुरकुरतात, की त्यांनाही आता तुमचा धाक बसला? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण तुमची लेक फोन स्पीकरवर टाकून समोर बसते, आणि "तिकडची हवा काय म्हणते?" असं तुम्ही मला विचारलंत की माझ्या आधी तीच "छान आहे" म्हणून मोकळी होते. म्हणून पत्र.

हवा छान नाही. डोंगरापलीकडच्या जंगलात वणवा पेटला त्याला आज बारा दिवस झाले. आग इथून बरीच लांब आहे, पण धूर हा आगंतुक पाहुण्यासारखा. बोलावलेलं नसतं, आणि एकदा आला की पडद्यात, उशीत, कपाटातल्या कपड्यांत बस्तान मांडून बसतो. भरदुपारी सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं. माझ्या चष्म्याच्या दुकानात तर पहिले दोन दिवस नुसती झुंबड. ज्याला त्याला वाटलं, आपला नंबर वाढला. एक निवृत्त न्यायाधीश तीनदा आले आणि म्हणाले, तुम्ही दिलेल्या चष्म्यातून समोरची इमारत दिसत नाही. शेवटी मी त्यांना दाराबाहेर नेलं, चष्मा काढायला लावला आणि विचारलं, आता दिसते का? म्हणाले, नाही. मग यात चष्म्याचा काय गुन्हा, असं मी विनयाने म्हटल्यावर त्यांनी बराच विचार करून निकाल राखून ठेवला.

अशातच तुमचं पार्सल आलं. तुपाची बरणी, नेतीचा लोटा, धुरीची पुडी आणि तुमच्या हस्ताक्षरातली नऊ कलमी यादी, त्यातली सहा कलमं लाल शाईने अधोरेखित. तुमच्या लेकीने यादी कपाळाला लावली (खरंच लावली) आणि जाहीर केलं की प्रत्येक उपाय आधी मी करायचा. मी विचारलं, मीच का? तर म्हणाली, मला लहानपणापासून सवय आहे, तुझं शरीर अजून अडाणी आहे.

तेव्हा पहिलं कलम, जलनेती. कोमट मिठाचं पाणी एका नाकपुडीतून घालायचं आणि दुसरीतून काढायचं. घालणं जमलं. काढणं जमेना. मी मान डावीकडे कलवली, उजवीकडे कलवली, ओणवा झालो, पण पाणी आत गेलं ते गेलंच, सरकारी कचेरीत अर्ज जावा तसं. मी दुकानात गेलो. दीड तासाने बँकेच्या व्यवस्थापकबाई नवी फ्रेम घ्यायला आल्या. चष्म्याच्या दांड्या कानामागे नीट बसल्या आहेत का ते पाहायला मी पुढे वाकलो मात्र, आणि सकाळचं सगळं पाणी एकदम, अजिबात पूर्वसूचना न देता, त्यांच्या कोऱ्या काचांवर उतरलं. बाई सज्जन. त्या एवढंच म्हणाल्या की पुसून द्या. पण त्यानंतर मी जवळ गेलो की त्या खुर्ची मागे सरकवतात.

दुसरं कलम, नाकात तुपाचे दोन दोन थेंब. तुपाबद्दल माझी तक्रार नाही, तूप उत्तम आहे. पण ते नाकात घालून दुकानात शिंकणं हे चष्मेवाल्याच्या पोटावर पाय देण्यासारखं आहे. तपासणीच्या भिंगांची आख्खी पेटी धुवावी लागली. (एका आजोबांना त्या तुपकट भिंगातून तक्त्यावरच्या साऱ्या ओळी दिसल्या आणि तेच भिंग हवं म्हणून ते हटून बसले, हा भाग निराळा.)

आता चौथ्या कलमाकडे येतो, कारण त्याची नोंद अग्निशमन दलाच्या दप्तरात झाली आहे आणि ती त्यांच्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. दारं-खिडक्या बंद करून घरात औषधी धुरी करावी, असं तुम्ही लिहिलं आहे. काट्याने काटा काढतात हे ठाऊक होतं, पण धुराने धूर काढतात हे मला नवीन. मी तसं बोललोही, तर तुमची लेक म्हणाली की आईने लिहिलंय म्हणजे काही विचार करून लिहिलंय. पुडी अंमळ मोठी होती आणि प्रमाण लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी सगळीच टाकली. पाचव्या मिनिटाला छतावरची धोक्याची घंटा वाजली. दहाव्या मिनिटाला वरच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका एका हातात पासबुकं आणि दुसऱ्या हातात मांजर घेऊन जिन्यात उभे होते. विसाव्या मिनिटाला बंब आला.

जवान वणव्याकडून नुकतेच परतलेले, तोंडं काळवंडलेली. त्यांच्या प्रमुख बाईंनी तव्यातल्या निखाऱ्यांकडे पाहिलं आणि हे काय आहे विचारलं. मी म्हटलं, औषध. धुरावरचं. त्या बिचाऱ्या हसल्याही नाहीत, इतक्या दमल्या होत्या. त्यांनी खिडक्या उघडायला लावल्या, बाहेरचा धूर बघून पुन्हा लावायला लावल्या, आणि जाता जाता विचारलं, "घरात कुणाला दम्याचा त्रास?"

"नाही," तुमची लेक म्हणाली. तेव्हा तिने एका हाताने दाराची चौकट धरली होती. बाईंनी त्या हाताकडे पाहिलं, मग तिच्या खांद्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गेल्या.

मधली काही कलमं सांगण्याजोगी नाहीत. राहता राहिलं सातवं कलम, भुजंगासन. छाती मोकळी होते म्हणे. आज सकाळी दुकानाला सुट्टी म्हणून मी ते मनावर घेतलं. भुजंगाने फणा काढला आणि कमरेत कट्‌ असा आवाज होऊन फणा तसाच जमिनीवर आला. तेव्हापासून मी इथे आहे. ड्रायव्हरकाका येऊन बघून गेले. त्यांच्या मते गिअर अडकला आहे, जोर लावू नये.

एकंदरीत उपाय गुणकारी आहेत. काळजी नसावी. मामांना नमस्कार, तुम्हांला पुन्हा एकदा साष्टांग (सोयीचंच आहे), आणि आशीर्वादाचा हात पाठीपासून जरा वरच ठेवावा.

तुमचा आज्ञाधारक जावई

ता. क. नववं कलम, भ्रामरी, मी मुद्दाम गाळलं होतं, कारण ते एकच जमलं. कान बंद करून भुंग्यासारखं गुणगुणायचं. आम्ही रोज संध्याकाळी पाठीला पाठ लावून बसतो. कान बंद असल्याने ऐकू काही येत नाही, पण तिचा आवाज माझ्या पाठीत उमटतो, आणि खरं सांगतो, त्या दहा मिनिटांत धुराचा विसर पडतो. ती शाळेत गाणं शिकवते, तिचा श्वास तुम्हांला ठाऊकच आहे. पहिल्या दिवशी माझे दोन भुंगे होऊन जायचे तरी तिचा एक चालूच असायचा. मग दोघांचे बरोबर संपू लागले. परवा तिचा माझ्या आधी थांबला. काल दोनदा मधेच तुटला.

आणखी ता. क. तिचा लहानपणीचा दमा परत आला आहे. मंगळवारी मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप दिला आहे. तो गाण्याच्या वह्यांच्या खणात आहे, खोकं अजून फोडलेलं नाही. मी रागावलो तेव्हा म्हणाली, "आईने बरं केलंय मला. सगळ्या नातेवाइकांत सांगितलंय तिने. आता मी पंप घेतला तर आई खोटी पडेल." आई, तुम्ही तिला अकराव्या वर्षी बरं केलंत ते तीस वर्षं टिकलं. माझ्या दुकानातली कुठलीच वस्तू तीस वर्षं टिकत नाही आणि मी तरी धंदा करतो. यात तुम्ही कुठे खोट्या पडता? पण हे मी सांगून उपयोग नाही. या घरात चालतो तो तुमचा शब्द. तेव्हा पत्र मिळताच फोन करा आणि तिला पंप घ्यायला सांगा. कारण देऊ नका. तुम्ही कारण दिलंत तर तिला संशय येईल.

शेवटचं ता. क. पाकीट मागायला हाक मारली तेव्हा तिने विचारलं, एवढं काय लिहितोयस आईला. मी म्हटलं, तुझ्या आईच्या उपायांचं कौतुक. त्यावर ती सतरंजीवर शेजारी येऊन बसली आणि माझ्याकडून एक ओळ लिही म्हणाली. ती तिच्या शब्दांत देतो: "आई, मी ठणठणीत आहे, माझी काळजी करू नकोस." एवढं सांगताना ती मधे दोनदा थांबली.