मोठ्या सिलिंडरची उष्टी वाफ

हा कागद मी बरेच दिवस टाळला. बोटीच्या ऑफिसातला कारकून रोज विचारायचा, "झालं का रे मृत्युपत्र?" आणि मी रोज म्हणायचो, "पेन संपलं." शेवटी त्यानेच पेन दिलं. म्हणाला, "आता हे संपेपर्यंत तरी लिही." उद्या बोट सुटते. इंजिन-खोलीत हेल्पर म्हणून मी तिच्यावर चाललोय, आणि परत यायचं असं काही मनात नाही. म्हणून आज बसलो.

तर मी, ज्याला घरात आणि घराबाहेर सगळे भिंगरी म्हणतात, शिक्षण अर्धवट, धंदा एक धड नाही, लग्न नाही, राहणार सायकल दुकानाच्या वरच्या खोलीत, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. (घरमालकीण मावशींचं मत वेगळं आहे, तरी त्या साक्षीदार व्हायला तयार आहेत.) कुणी धाक घातलेला नाही, कुणी पाजलेलं नाही. माझं काही बरंवाईट झालं तर माझ्यामागे असं करावं.

कलम एक. सायकल खालच्या दुकानवाल्या काकांना द्यावी. तिचा ब्रेक लागत नाही हे त्यांना माहीत आहे, कारण तो त्यांनीच दुरुस्त केलाय.

कलम दोन. गुलाबी स्वेटर कुणालाही देऊ नये. तो ताईचा, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा. तिचं दप्तर, पुस्तकं, चपला, सगळं तिचं वापरून झालं की माझ्याकडे यायचं. पोरं वर्गात "काय गं भिंगरी" म्हणायची. एकदा ताईने त्यातल्या दोघांना नळाखाली धरलं होतं, पण ते इथे नको. ताई गेल्या वर्षी तापात गेली. स्वेटर आता माझ्या कोपरापर्यंतही येत नाही. असू दे.

कलम तीन. इंजिन. हे बाबांना.

बाबा पंपाच्या कारखान्यात लेथवर टर्नर होते. आम्ही लहान असताना त्यांनी हे वाफेचं इंजिन घरी घडवलं, टेबलावर मावेल एवढं, दोन सिलिंडरचं. कागदावर एक रेघ काढली नाही, सगळं डोक्यात. बॉयलरची ताजी वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये जाते आणि तिथला दट्ट्या ढकलते. तिथून सुटलेली उष्टी वाफ मोठ्या सिलिंडरमध्ये जाते आणि त्याचा दट्ट्या ढकलते. उष्ट्या वाफेत दम कमी, म्हणून दुसरा मोठा ठेवायचा. ताई म्हणायची, "लहान ती मी, मोठा तो तू. मी जेवून उठले की तुझं पान." मी जाडा होतो, मला ते पटायचं.

कधी कधी लहान दट्ट्या नेमका टोकाला थांबलेला असायचा. मग वाफ सोडली तरी इंजिन नुसतं फुसफुसायचं. तेव्हा बाबा हाक मारायचे, "या, ताईसाहेब!" आणि ताई एका बोटाने इंजिनाचं चाक ढकलायची, की ते फिरायला लागायचं. तो तिचा मान. मला चाकाला कधी हात लावू दिला नाही.

साफ करायला म्हणून तिनेच इंजिन खोललं, सुटे भाग खोक्यात ठेवले आणि आजारी पडली. ती गेल्यावर भेटायला आलेल्या माणसांसमोर बाबा म्हणाले, "होती ती गेली. राहिलं ते उष्टं." मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होतो. पाणी सगळ्यांना दिलं. संध्याकाळी बाबा म्हणाले, "ते खोकं माझ्या डोळ्यांसमोरून ने." नेलं. खोक्याबरोबर मीही निघालो.

ते वाक्य मी कुणाच्याही नावे करत नाही. ते माझ्याबरोबर बोटीवर येईल.

इंजिन जोडायला घेतलं तर सिलिंडरांना वाफ पोचवणाऱ्या पितळी ठोकळ्याला बाहेरून नुसती भोकं, वाफेच्या वाटा सगळ्या पोटात. एकात नळी लावून फुंकायचं आणि दुसऱ्यांवर ओलं बोट फिरवायचं, गार लागेल तिथे वाट. काकांना बोट लावायला बसवलं.

"काका, लागलं गार?"

"अरे, आम्ही पंक्चरवाले. बादली आण!"

ठोकळा पाण्यात बुडवला आणि मी फुंकत बसलो. जिथून बुडबुडे, ती वाट. लहान सिलिंडरची उष्टी वाफ मोठ्याकडे कुठून जाते तेही असंच सापडलं. बॉयलरकडचं एकच भोक असं निघालं की कितीही फुंका, बुडबुडा नाही. काकांनी त्यात सायकलची तार घातली, ती तिरकी जाऊन अडली. मोठ्या सिलिंडरकडून दुसरी तार घातली, तीही तिथेच अडली. तारा अडल्या तिथला ठोकळ्यावरचा रंग खरवडला तर खाली स्क्रूचं डोकं. म्हणजे बॉयलरपासून थेट मोठ्यापर्यंत एक वाट होती. इंजिन अडलं की सुरुवातीपुरती मोठ्याला ताजी वाफ. कुणाची उष्टी नाही.

काल बाबांना फोन केला. घर सोडल्यापासून पहिल्यांदा.

"बाबा, मोठ्याला ताज्या वाफेची वाट ठेवली होतीत तुम्ही?"

"ठेवली होती. मग बुजवली."

"का?"

"ती रडायला लागली. म्हणाली, मग मी काय ढकलू?"

मी म्हटलं, "स्क्रू निघत नाहीये, बाबा." त्यांनी फोन ठेवला.

मला राग आला नाही. ताई रडत असती तर मीही बुजवली असती. पण आता चाक ढकलायला ती नाही. म्हणून बाबांना हात जोडून सांगणं की इंजिन डोळ्यांसमोर ठेवावं, तो स्क्रू काढावा आणि मोठ्याला एकदा, एकदाच, ताजी वाफ द्यावी. पुढे तो उष्ट्यावर चालेल. त्याची तक्रार कधीच नव्हती.

सह्या झाल्या की मी स्वतः स्क्रूवर शेवटचा जोर लावून बघणार आहे. तुटला तर तुटला.

लिहून देणार : भिंगरी
साक्षीदार : सायकलवाले काका (सही केली, ग्रीसचा अंगठाही उमटला)
साक्षीदार : घरमालकीण मावशी (चष्मा आणायला खाली गेल्यात)
स्थळ : दुकानाच्या वरची खोली
दिनांक : बोट सुटण्याच्या आदला दिवस

मावशी जिन्यातून ओरडतायत, म्हणून हेही लिहितो. "अरे भिंगरी, थांब, हात लावू नकोस त्याला! तुझे बाबा आलेत. दम लागलाय, पायरीवर बसलेत. म्हणतात, आधी वर जाऊन पोराला सांगा, उजवीकडे फिरव, स्क्रू उलट्या आट्यांचा आहे."