समोरची भिंत आणि चार खोकी लाटा

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते आधी कळव. (भावजींचं विचारत नाही, ते जिनाच टाळतात.)

आम्ही ठीक आहोत, म्हणजे जागा मिळेल तिथे बसून आहोत. हिची रुग्णालयाच्या टेलिफोनवरची एकतीस वर्षांची नोकरी संपली आणि ही म्हणाली, "बैठकीतली एकच भिंत मला छान करायचीय." एकच तर भिंत, म्हणून मी हो म्हटलं. दुकानात गेल्यावर कळलं की भिंतीवर लावायच्या नक्षीदार पॅनेलांचे जेवढे प्रकार असतात, तेवढी आपल्या अख्ख्या खानदानात मिळून स्थळं आली नसतील. विटांसारखी, दगडांसारखी, चक्क मातीसारखी. (मातीच्या भिंतींना कंटाळून आपण सिमेंटच्या घरात आलो, हे तिथे कुणाला सांगणार?) विक्रेता म्हणाला, "काका, हात फिरवून बघा." मी पाठ टेकवून बघितली. उभ्या पट्ट्यांवर पाठ इतकी सुरेख खाजवली जाते की मी बराच वेळ बघत राहिलो. शेवटी त्याने मला अदबीने खुर्ची दिली.

नमुन्याचे नऊ तुकडे घरी आले. तीन आठवडे ते सोफ्यावर बसले आणि आम्ही जमिनीवर. शेजारच्या मास्तरांनी दगड पसंत केला, जावयाने फोनवर फोटो बघून विटा. हिला विचारलं की ही "बघू" म्हणायची. अखेर घरचा कर्ता या नात्याने मी लाटांची नक्षी ठरवली आणि चार खोकी मागवली.

बसवायला मिस्त्री आला. खोकी उघडून त्याने हिला विचारलं, "बाई, तुम्हाला हेच आवडलंय ना?"

"यांना लाटा आवडल्यात," ही म्हणाली.

"साहेबांचं कळलं. तुमचं विचारतोय."

ही आत गेली आणि धान्याच्या डब्यामागून आणखी एक तुकडा घेऊन आली. दुकानातून येताना तिने तो पिशवीत घातला होता. अगदी साधा, बारीक रेघांचा, नुकता कंगवा फिरवल्यासारखा. "तुम्ही हसाल म्हणून दाखवला नाही," म्हणाली. ताई, एकतीस वर्षं ही बाई दिवसभर लोकांना "आपल्याला कोण हवंय?" विचारत होती. हिला काय हवंय हे मी विचारत आलो, पण उत्तरासाठी थांबलो नाही. मी हसलो नाही. मिस्त्रीला चहा दिला आणि दुकानात फोन लावला.

भिंत झाली. ही तिच्यासमोर बसते आणि मीही शेजारी गप्प बसायला शिकतोय.

तुझा धाकटा

ता. क. उघडलेली खोकी दुकानदार परत घेत नाही. तुझ्या बैठकीतले पोपडे मला गेल्या खेपेलाच खटकले होते. (जेवण उत्तम होतं, म्हणून बोललो नाही.) चार खोकी लाटा गुरुवारी टेम्पोने येतील. घरी राहा. भावजींना आधी सांगू नकोस.

वन्सं, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे आलं म्हणून वाचलं. गुरुवारी अडकून पडू नका, टेम्पोवाल्याला मी नको सांगितलंय. लाटा आमच्या झोपायच्या खोलीत लावून घेतेय. त्यांना त्या खरंच आवडल्या होत्या.