बॅटरीगाडीची पथ्यं

२ मे १९८५
बॅटरीगाडी कंडम होणार म्हणे! ह्या परमुलखातल्या स्टेशनवर पार्सलं ओढणारी ही एकच विजेवरची गाडी, आणि तिचं चार्जिंग आमच्या ह्यांच्याकडे. साहेब म्हणाले, "शेषराव, बॅटरी म्हातारी झाली. जूनमध्ये तपासू, नाहीतर भंगारात." हे तोंड पाडून घरी आले. जेवले नाहीत. मागे मला टायफॉइड झाला तेव्हा ह्यांनी तीन पोळ्या खाल्ल्या होत्या — मोजल्यात मी!

४ मे
आजपासून गाडीला पथ्य. पार दम जाईपर्यंत पळवायची नाही, थोडा चार्ज उरला की परत आणायची. तापलेली असेल तर आधी गार होऊ द्यायची, मग तार जोडायची. उतरलेली तशीच ठेवून घरी यायचं नाही. चार्ज पुरा झाला की तार काढायची — जास्त पाजलं तरी बाधतं. वर डिस्टिल्ड वॉटर, नळाचं चालत नाही!
मी म्हटलं, बाळंतिणीचं इतकं करत नाहीत.
"बाळंतीण बोलते तरी. हिला कुठे बोलता येतं?"

९ मे
चौथा शर्ट. ॲसिडची भोकं. रफू करायला कापड तरी उरायला हवं ना!

१५ मे
ड्रायव्हर हनुमानसहाय वैतागलाय. गाडी चालत असतानाच हे परत बोलावतात. आज दारात येऊन मलाच — "भाभीजी, इन्हें समझाओ. अभी तो गाड़ी में आधी जान बाकी है!"
"भैया, मेरी तो पाव बची है, मेरी कौन सुनता है?"
हसत हसत गेला. आतून ह्यांचा आवाज — "विमल!"

२३ मे
आज चेष्टा नाही. दुपारी अहमदाबादकडून आलेल्या गाडीत, अगदी शेवटच्या डब्यात, एक म्हातारी उन्हाने बेशुद्ध पडली. हमाल जेवायला गेलेले. हनुमानसहायने पार्सलं खाली फेकली, तिला बॅटरीगाडीवर निजवलं आणि फलाटाच्या त्या टोकापासून थेट फाटकाबाहेर, दवाखान्याच्या जीपपर्यंत! संध्याकाळी सांगायला आला. "पहले जैसे चलाता तो दोपहर तक गाड़ी ठप हो जाती." म्हातारी शुद्धीवर आली. ह्यांनी चहा दोनदा मागितला.

१८ जून
तपासणी झाली. बॅटरी पास! कंडमचा कागद फाडला. हे कचोऱ्या घेऊन आले — लग्नाच्या नऊ वर्षांत पहिल्यांदा, न सांगता. "सवतीच्या आनंदात मलाही वाटा?" म्हटलं, तर लाजले. चक्क लाजले!

२० जून
ह्यांच्या भुसावळला बदलीचा हुकूम मे महिन्यातच आला होता. माझं गाव! आज हनुमानसहायच्या तोंडून निसटलं. ह्यांनी "नको" म्हणून लिहूनही दिलं — मला न विचारता. जाब विचारला तर म्हणाले, "गाडी अशी अर्ध्यात टाकून कसं जायचं?"
ट्रंक भरली. सकाळच्या गाडीने मी निघतेय. एकटी.